दोन वाजताचं गाऱ्हाणं

बाय, आज महिन्यातला पहिला सोमवार. म्हणजे तुमच्या वर्गाचा दिवस. तुम्ही गेलात त्याला अकरा दिवस झाले, तरी सकाळी डोळे उघडल्यावर पहिला विचार आला तो हाच की, बाय येतील, त्यांचा चहा बिनसाखरेचा ठेवायला सांगायला हवं. मग आठवलं. मग थोडी रडले आणि मग स्वतःवरच चिडले, कारण मला पदराला पिन लावायची होती आणि डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी पिन लाव गो, मगे रड. दोनय एकदम करशीत तर हाताक टोचतली." टोचलीच.

हे लिहायला बसले त्याचं कारण तुमचाच नियम. निरोप सांगितला म्हणजे तो पोचला असं होत नाही. ज्याला सांगितला त्याने तो आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवला की मग पोचला. नवीन मुलींकडून तुम्ही हे इतक्या वेळा वदवून घेतलंत की झोपेत उठवून विचारलं तरी त्या सांगतील. तर बाय, एक निरोप नऊ वर्षं माझ्यापाशी पडून होता आणि तो नेमका तुमच्यासाठी होता. वाटत होतं की सांगू, आहेत कुठे जात. आणि तुम्ही गेलात. आता मी सांगेन खुशाल, पण तुम्ही परत म्हणून दाखवणार कशा?

पहिल्या दिवसापासून सांगते. सगळं पहिल्यापासून सांगायचं, मधूनच सुरू करायचं नाही, हेही तुमचंच.

मी तेवीस वर्षांची होते. कऱ्हाडजवळच्या गावातून आलेली, बॅगेत नवंकोरं प्रमाणपत्र आणि नाकावर तेवढीच नवीकोरी मिजास. कुडाळला गाडीतून उतरले, एसटी पकडली आणि आपल्या तीस बेडच्या रुग्णालयात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. बायका-पुरुषांच्या त्या एकाच वॉर्डाच्या दारातच पाय थबकला. आतून जो आवाज येत होता तो मी जन्मात कुठल्या वॉर्डातून ऐकला नव्हता.

"बा देवा म्हाराजा! एक नंबराची आजी. ताप उतारलो, पेज जेवली. सांजेची सुई बाकी आसा, ती चुकाक नको म्हाराजा!"

"सांजेची सुई. व्हय म्हाराजा!"

"दोन नंबराचो बाबल्या. टाके सुके आसत. काल चोरून वडे खाल्ल्यान. आज तेका कोणी वडे देव नको म्हाराजा!"

"वडे देवचे नाय. व्हय म्हाराजा!"

आणि ह्या शेवटच्या आरोळीत स्वतः बाबल्यासुद्धा सामील होता, टाक्यांवर हात दाबून हसत.

तुमच्या देवळांत गावातला एक जाणता देवासमोर नारळ ठेवून उभा राहतो, सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि मागे उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? तुम्ही ते देवळातून उचलून थेट वॉर्डात आणलं होतं. पाळी बदलताना जाणारी सिस्टर प्रत्येक बेडपाशी गाऱ्हाणं घालणार, आणि येणारी सिस्टर नुसतं 'व्हय' नाही, तर काय करायचं ते परत म्हणून मग 'व्हय म्हाराजा' म्हणणार. पेशंटने ऐकायचं. पटलं तर त्यानेही म्हणायचं. माझ्या अंगावर काटा आला बाय, पण तो भक्तीचा नव्हता. मला वाटलं, कुठे येऊन पडले मी!

तुमचं बाकीचं वागणंही मला तसंच वाटायचं. राउंडला निघालात की हातात ते लाकडी स्टूल. प्रत्येक बेडशी स्टूल ठेवायचं, बसायचं आणि गजाली सुरू. आचऱ्याच्या जत्रेला कोण कोण आलं होतं, रापणीच्या जाळ्याला काय लागलं, मुंबईचा झील, म्हणजे मुलगा, गणपतीला येतोय की नाही. मी मनात म्हणायची, ही काय ड्यूटी आहे? आम्हाला शिकवलं होतं की बेडच्या पायथ्याशी उभं राहायचं, स्मितहास्य करायचं आणि "कसं वाटतंय?" असं विचारायचं. मी ते अगदी पुस्तकाबरहुकूम करायची. आणि मला उत्तरही पुस्तकासारखंच यायचं: "बरं आहे सिस्टर." अख्ख्या वॉर्डात माझ्या पाळीला कुणाला काही दुखायचंच नाही. मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.

दुसऱ्या महिन्यात मी मोठ्या डॉक्टरांकडे तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिली.

लिहिलं एकदाचं. अर्ध्या पानाची, चार मुद्द्यांची तक्रार. एक, पाळी बदलताना वॉर्डात देवळासारखा गजर होतो. दोन, पेशंटच्या खाजगी गोष्टी सगळ्यांच्या देखत बोलल्या जातात. तीन, वरिष्ठ सिस्टर ड्यूटीच्या वेळेत स्टुलावर बसून मासळी आणि जत्रा ह्या विषयांवर गप्पा मारतात. चार, कार्यालयीन भाषा वापरली जात नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे वार आणि वेळ. खाली सही नाही, नुसतं 'एक परिचारिका'. आणि केवढी हुशार मी! रुग्णालयाच्या वहीत दिवसातून दहा वेळा जे अक्षर पडायचं, त्याच टपोऱ्या अक्षरात मी निनावी कागद लिहिला, आणि नऊ वर्षं समजत राहिले की कुणाला कळलं नाही.

डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलं. बाहेर आलात तेव्हा मी औषधांच्या कपाटात डोकं घालून उभी होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "आजपासून गाऱ्हाणां बंद. टेबलार बसून लिवूचां आणि सही करूची." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवस वॉर्ड शांत होता. किती छान, मला वाटलं. टेबलावर वही, वहीत माझं टपोरं अक्षर, येणारी सिस्टर वाचते, सही करते, संपलं. भिंतीवरच्या फळ्यावर बेडचे नंबर आणि कुणाला काय खायला द्यायचं ते खडूने. सगळं कसं नीटनेटकं.

आणि मग दाजी.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगते. सहा नंबरला विजयदुर्गाकडचे एक आजोबा होते, दुसऱ्या दिवशी सकाळी हर्नियाचं ऑपरेशन. मी फळ्यावर लिहिलं: बेड सहा, सकाळी उपाशी. नऊ नंबरला दाजी, साखरेचा आजार असलेला, होडीवरचा माणूस. दुपारी सहा नंबरचा पंखा बंद पडला. आजोबांना घामाने जीव नकोसा झाला, तेव्हा दाजी आपणहून म्हणाला की माझी खिडकीजवळची जागा त्यांना द्या, मला उकाड्याची सवय आहे. मीच दोघांच्या जागा बदलल्या. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. केस पेपरही त्यांच्याबरोबर हलवले. फळा मात्र तसाच राहिला.

सकाळी इन्सुलिन केस पेपर बघून दिलं गेलं, ते बरोबर दाजीलाच मिळालं. पेज फळा बघून वाटली गेली. आजोबांनी भरपेट खाल्लं आणि दाजीला काही नाही. दुपारनंतर सकाळ अशी माझी पाळी लागली होती. राउंडला मी दाजीच्या पायथ्याशी उभी राहिले, स्मितहास्य केलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "बरं आहे सिस्टर." कपाळावर घामाचे थेंब होते. मी वर पाहिलं. पंखा बंद. मनात म्हटलं, उकडतंय बिचाऱ्याला, आणि पुढे गेले.

माझ्या मागून तुम्ही आलात. स्टूल ठेवलंत. बसलात.

"काय रे दाजी, पेज गोड लागली मां?"

"पेज खंय गो बाय! आज माका कायच नाय म्हणान सांगल्यानी. हात कापतत बग कसे."

तुमचं स्टूल मागे पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही ओरडलात ते एकच, "उजू, साखर!" मी धावले. साखरपाणी पोटात गेलं, दहा मिनिटांत माणूस हसायला लागला. आजोबांचं ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. त्यावर आजोबा म्हणाले की पेज मात्र झक्कास होती. कुणाचं काही बिघडलं नाही. पण मी भिंतीला टेकून उभी होते.

मी दाजीला विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर तो माझीच समजूत काढायला लागला. "सिस्टर, तुमी शुद्धात इचारलात, म्हणान मी शुद्धात सांगलंय. शुद्धात माका तेवढांच येता."

तुम्ही हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात होतात. मला मात्र तेव्हा कळलं की ह्या किनाऱ्यावर परीटघडीच्या कपड्यातल्या माणसाने उभ्याने, कचेरीच्या भाषेत काही विचारलं की त्याला "बरं आहे" असं म्हणून वाटेला लावायचं असतं. तलाठी असो, बँकवाला असो नाहीतर सिस्टर. दुखणं सांगायचं ते बसलेल्या माणसाला. माझ्या हाताचा गुण तो असा होता!

त्या दुपारी तुम्ही मला खोलीत नेऊन बसवलंत. वाटलं, आता झोडपणार. तुम्ही म्हणालात, "आता सांग माका काय झालां तां. पयल्यापासून." मी सांगितलं. तुम्ही ते माझ्यासमोर परत म्हणालात, एकही शब्द वाढवला नाहीत की कमी केला नाहीत, आणि विचारलंत, "बरोबर?" बस्स. मग उठून मोठ्या डॉक्टरांकडे गेलात, आणि दोन वाजता पुन्हा गाऱ्हाणं सुरू झालं. फक्त एक बदल होता, जो मी तेव्हा टिपला पण ज्याचा अर्थ लावला नाही. बायकांच्या दुखण्यातल्या, लाजेच्या, घरच्या गोष्टी आता तुम्ही मोठ्याने म्हणत नव्हतात. त्यासाठी येणाऱ्या सिस्टरला जवळ ओढून कानात सांगायचात.

तो दिवस होता बाय. त्या दिवशी म्हणायला हवं होतं की, तो कागद माझा. तोंडाशी आलंही होतं. पण तुम्ही चहा मागवलात, वर आंबोळ्या काढल्यात, आणि आंबोळी खाता खाता असली कबुली द्यायचा धीर मला झाला नाही.

माझं पहिलं गाऱ्हाणं आठवतंय? तुम्ही मला पुढे ढकललंत. मी कागद हातात धरून, मालवणीतलं एक अक्षर येत नसताना, शाळेत कविता म्हणावी तसं सुरू केलं, "बा देवा महाराजा, चार नंबरचे काका, डाव्या पायाचं ड्रेसिंग..." आणि चार नंबरवरून अशी आरोळी आली की खिडकीतला कावळा उडाला: "नाय म्हाराजा! उजवो पाय, म्हाराजा!" पाय समोर होता. पट्टी दिसत होती. मी कागदाकडे बघत होते. सगळा वॉर्ड लोळला, आणि मीही हसले, इथे आल्यापासून पहिल्यांदा. चूक मला नवीन नव्हती, पण पेशंटने ती जागच्या जागी धरली आणि वर सगळे हसले, कुणी मान खाली घातली नाही, हे नवीन होतं. असल्या वॉर्डात माणसाला भीती कशाची वाटणार?

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, "कागदाक कान नाय गो." मी म्हणायची, "आणि आवाजाला उद्या आठवत नाही बाय." तुमचं अक्षर म्हणजे कोळंबी उलटीपालटी करून कागदावर सोडावी तसं. मी म्हटलं की तुमची नोंद वाचायला दुभाष्या लागतो, तर तुम्ही म्हणालात की म्हणूनच मी बोलते. मी फळ्याचे रकाने आखले, जागा बदलली की फळा आधी पुसायचा असा नियम केला. तुम्ही तो पाळलात, पण दर वेळी फळा पुसताना माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणायचात, "फळो पुसलो म्हाराजा!" नऊ वर्षांत ना तुम्ही हरलात, ना मी.

आणि चष्म्याचं ते नाटक! नवे डॉक्टर आले होते, तापट, घाईत, औषध लिहायचे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आम्हा मुलींची विचारायची छाती नव्हती. तुम्ही कागद घेऊन जायचात, "डॉक्टरानू, माझो चष्मो घराक ऱ्हवलो. वायच वाचून दाखवा." चष्मा डोक्यावर. रोज. एक दिवस त्यांनाच आपलं अक्षर लागेना. बघत राहिले, मग वर तुमच्या डोक्याकडे बघितलं, आणि इतके हसले की त्या दिवसापासून लिहिल्यावर स्वतःहून वाचून दाखवायला लागले. तुम्ही कुणाला कमीपणा आणला नाहीत आणि काम करून घेतलंत. मी तर त्यांच्यासाठी एक कडक पत्र मनात तयार ठेवलं होतं, मुद्देसूद.

निवृत्त झालात तरी दर महिन्याचा पहिला सोमवार सोडला नाहीत. कागदोपत्री त्या वर्गाचं नाव 'परिचारिकांसाठी संवाद कौशल्य'. तुम्ही ते नाव ऐकून नाक मुरडायचात आणि मुलींना सांगायचात, "कौशल्य बिशल्य कायएक नाय. बसाक शिका आणि गप ऱ्हवाक शिका." पहिल्याच तासाला त्यांना एकेक करून बेडवर झोपवायचात आणि बाकीच्यांना भोवती उभं करून त्यांच्याविषयी, पण त्यांच्याशी नाही, असं दहा मिनिटं बोलायला लावायचात. उठायची ती मुलगी जन्मात कधी पेशंटच्या डोक्यावरून बोलायची नाही. मला मात्र तुम्ही नेहमी एकच टोमणा मारायचात: इतकी वर्षं झाली, मालवणी कधी बोलतलंस? मी म्हणायची, मोडकीतोडकी बोलून हसं कशाला करून घेऊ? तुम्ही म्हणायचात, "हसले तर बरांच मां. हसणारो माणूस सांगता." तरी मी काही बोलले नाही. हट्टी तर हट्टी.

मग तुम्ही स्वतःच नऊ नंबरला आलात. खिडकीजवळ, दाजीच्या जागी. आणि काय सांगू बाय, तुमच्याइतका वाईट पेशंट मी पाहिला नाही! डॉक्टरांनी विचारलं, बरं आहे. मुलींनी विचारलं, बरं आहे. तेही शुद्धात! ज्या बाईने आम्हाला नऊ वर्षं शिकवलं की 'बरं आहे' हे उत्तर नव्हे, तीच बाई आठ दिवस आम्हाला 'बरं आहे' सांगून वाटेला लावत होती. सातव्या दिवसापासून तुम्ही कूस बदलत नव्हतात, ते मला दिसत होतं. दिसत होतं, पण ह्या वेळी मी विचारायला विसरणार नव्हते. स्टूल ओढलं, फणी घेतली, तुमचे केस सोडले आणि म्हटलं, "बाय, आज घरून सोलकढी कुणी पाठवली?"

तुम्ही डोळे मिटूनच हसलात. "माझोच गळ, आणि माझ्याच तोंडात घालतंस गो!"

आणि मग सांगितलंत. डाव्या कुशीवर निजलं की कळ येते, मुलींना त्रास नको म्हणून बोलले नाही. मी ते परत म्हणून दाखवलं, डॉक्टरांना जाऊन सांगितलं, औषध बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डाव्या कुशीवर वळून, समुद्राकडे तोंड करून, लहान पोरीसारख्या झोपलेल्या होतात. बाय, माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम मी ते धरते. तुम्हाला तुमच्याच युक्तीने पकडलं.

त्या संध्याकाळी तुम्ही पेज जेवलात, बाबल्याच्या वड्यांची गोष्ट सांगून दोन पोरींना हसवलंत. त्या गेल्या. मी फणी पुसत होते. म्हटलं, "बाय, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. खूप जुनं आहे."

तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. "कामाचां आसलां तर आता सांग. रडूचां आसलां तर उद्या. आज माका बरां वाटता."

मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पाळी मी घेतली. नऊ नंबरपाशी जाणाऱ्या सिस्टरने म्हटलं, "नऊ नंबराची आपली बाय. कळ कमी आसा. डाव्या कुशीर सुखान निजता. तिका त्रास पडाक नको म्हाराजा." तुमचा आवाज अगदी बारीक आला, पण आला, "व्हय म्हाराजा." मला वाटलं, राउंड संपला की सांगू. तीन वाजायच्या आत तुम्ही गेलात. शांतपणे गेलात. मला दुःख झालं ते नंतर. आधी वाटला तो राग. उद्या म्हणाला होतात ना? आज उद्याच होता.

तर आजचा वर्ग, वॉर्डाला लागूनच्या खोलीत, मधे नुसता पडदा. इन्चार्ज म्हणून तो माझ्यावर आला. अकरा नव्या मुली, आणि मदतीला तुमच्या आचऱ्याची अंकिता, गेल्या वर्षीच्या तुकडीतली. तुमची फाईल उघडली. वर्गात वाटायचे कागद तुम्ही क्रमाने लावून ठेवलेले. पहिला स्टुलाचा. दुसरा वाईट बातमी घरच्यांना कशी सांगावी त्याचा. तिसरा कागद काढला आणि बाय, तो माझ्याच टपोऱ्या अक्षरात होता.

माझी तक्रार. छायाप्रत. वर तुमच्या कोळंबी अक्षरात शीर्षक: 'तक्रार कशी लिहावी — उत्तम नमुना.' दुसऱ्या मुद्द्यापुढे, त्या खाजगी गोष्टींच्या मुद्द्यापुढे, मोठी बरोबरची खूण आणि लिहिलंय, 'ह्यां खरां. सुधारलंय.' आणि तळाशी, 'एक परिचारिका'च्या शेजारी: 'सही होयी होती. दोष एवढोच.'

अंकिता मजेत सांगायला लागली, "मॅडम, हो कागद आमका बायनी लय वेळा वाचून दाखवल्यानी. तेंका हो लय आवडायचो. म्हणायच्यो, जिणा ह्यां लिवल्यान, तिका सगळां दिसता. फकत इचारूक ती इसारली. बरी सिस्टर होतली ती."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. त्या आंबोळ्यांच्या आधीपासून! आणि जन्मभर माझ्याशी 'कागदाक कान नाय' म्हणून भांडलात, आणि इकडे माझाच कागद प्रत्येक तुकडीला वाटत होतात. भांडण मीच जिंकले होते की बाय, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! मी हसायला लागले, मुली घाबरल्या, मग रडायला लागले, तेव्हा त्या जास्तच घाबरल्या.

मग मी पेन काढलं आणि त्या कागदावर, तुम्ही दोष काढला होतात त्या जागी, सही केली. पूर्ण नाव घातलं. आणि मुलींना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. दाजीचं, फळ्याचं, पंख्याचं, तो पंखा अजून बंद पडतो हेही. सांगितलं की मला तुमची क्षमा मागायची होती आणि आभारही मानायचे होते, दोन्ही राहून गेलं. मी मुलींना म्हटलं, नियम तुम्हाला माहीत आहे, परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचत नाही. आणि आता म्हणून दाखवायला बाय नाहीत.

मग अंकिता उठली. हात जोडले, देवळात जोडतात तसे, आणि खिडकीकडे तोंड करून खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आमच्या उजूमॅडमनी बायच्या विरोधात तक्रार केल्यानी. नऊ वर्सां तां त्यांच्या पोटात होतां म्हाराजा. आज त्यांनी सही केल्यानी. त्यांका माफी मागूची आसा, आणि बायन त्यांका सिस्टर केल्यान म्हणान पाया पडूचां आसा. आणि सहा नंबराचो पंखो अजून बिघाडता म्हाराजा. ह्यां सगळां बायच्या कानार जांव दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकरा मुली एकदम.

आणि त्यांच्या मागोमाग, एक क्षण उशिराने, पडद्यापलीकडच्या वॉर्डातून एका म्हातारीचा कापरा आवाज: "व्हय म्हाराजा!"

सहा नंबरची आजी होती. सकाळीच दाखल झालेली, मी विचारल्यावर "बरं आहे" म्हणालेली. मी तिच्याकडे गेले. स्टूल ओढलं आणि बसले. तिने माझे डोळे पाहिले आणि विचारलं, "कोणाचां गाऱ्हाणां होतां गो?"

"माझां," मी म्हटलं.

ती हसली. माझ्या तोंडचा तो शब्द अगदी घाटावरचा वाटला असणार. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मगे पावलां समज."